ढब्बू शूला गेलाय

पहिलीच्या बाईंना कुणी त्यांचं खरं नाव विचारलं असतं, तर त्यांनाही क्षणभर आठवावं लागलं असतं. शाळेत दुसरीच्या बाई बदलल्या, तिसरीचे गुरुजी निवृत्त झाले, चौथीच्या बाई लग्न करून गेल्या आणि स्वतःच्या मुलीला पहिलीत घालायला परतही आल्या, पण पहिलीच्या बाई जिथल्या तिथे. पहिली त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की शाळेबाहेरही ती सुटत नसे. बँकेत रांग वाकडी दिसली की त्यांच्या तोंडून आपोआप निघे, "एकामागे एक. ढकलाढकली नाही. हात कुठे आहेत?" आणि चांगले मिशीवाले गृहस्थ हात पाठीमागे बांधून सरळ उभे राहत. एकदा त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनाच परत दिली होती. "हे अक्षर आहे? पुन्हा काढा बरं, सावकाश." डॉक्टरांनी खरंच पुन्हा काढलं. घरी नवऱ्याची तर काय गत वर्णावी! भरल्या पाहुण्यांत बिचाऱ्याने उठताना करंगळी वर केली होती, आणि बाईंनीही बोलणं न थांबवता मान हलवून परवानगी दिली होती.

अशा या बाईंच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव ढब्बू. तो पहिलीत आला तेव्हा बाईंचे केस काळे होते, आणि आता ते पांढरे झाले तरी तो पहिलीतच होता. याचं कारण साधं होतं. ढब्बू मुळात नव्हताच.

झालं होतं असं, की फार वर्षांपूर्वी एका मुलाने वर्गात बसल्या जागी चड्डी ओली केली. बाकाखालून ओघळ निघाला, शेजारच्याने पाय वर घेतले, आणि आता सगळा वर्ग खो खो हसणार एवढ्यात बाईंनी हातातली पाण्याची बाटली त्याच बाकाखाली पालथी केली आणि कमरेवर हात ठेवून ओरडल्या, "अरे ढब्बू! पुन्हा पाणी सांडलंस?" पोरं इकडेतिकडे बघायला लागली. ढब्बू कोण? कुठे आहे? "पळाला वाटतं," बाई म्हणाल्या. त्या दिवशी ज्याची चड्डी ओली झाली होती तोही पुढे वाकून ढब्बूला शोधत होता.

तेव्हापासून ढब्बू वर्गाचाच झाला. खिडकीपाशी शेवटच्या बाकावर त्याची जागा, दप्तराला वेगळा खिळा. खडू मोडला, ढब्बूने. रांगेत चिमटा काढला, ढब्बूने. फळ्यावर बाईंचं चित्र काढून त्यांना शिंगं कुणी लावली? ढब्बूने, आणि शिंगं बरी काढली होती. हजेरीत शेवटी बाई ढब्बूचंही नाव घ्यायच्या, आणि सगळा वर्ग एका सुरात सांगायचा, "शूला गेलाय!" मग बाई म्हणायच्या, "याचं नेहमीचंच," आणि दिवस सुरू व्हायचा. बाईंच्या मते चूक करणं सोपं असतं, ती कबूल करणं या वयाला फार जड जातं. तेवढ्यापुरतं ओझं ढब्बूने उचलावं. वर्षाच्या शेवटी शेवटी एखादं पोर हळूच जवळ येऊन सांगे, "बाई, ढब्बू नाही, मी सांडलं," आणि मग त्या पोराला ढब्बूची गरज उरत नसे. बाईंना त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, पण त्या वर्षी शाळेत नवे हेडसर आले. हेडसर मोठ्या मुलांच्या शाळेतून आलेले, उंच, कडक इस्त्रीचे, शिस्तीचे भोक्ते. पहिलीच्या वर्गाची मात्र त्यांना मनातून धास्ती होती, कारण पहिल्याच दिवशी तिथल्या एकाने त्यांच्या पँटला नाक पुसलं होतं. त्यामुळे ते त्या वर्गावरून जाताना भिंतीच्या पलीकडच्या बाजूने जात. साहजिकच ढब्बूची आणि त्यांची ओळख झाली नव्हती. बाकीच्यांना वाटलं, सरांना कुणीतरी सांगितलं असेल. शाळेत नेहमी असंच होतं, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने सांगितलं असेल.

त्यातून त्या वर्षी पटाची रड होती. रस्त्यापलीकडे बस असलेली मोठी शाळा निघाली होती आणि पोरं तिकडे ओढली जात होती. बाईंनी सुट्टीत उन्हातान्हात दारोदार हिंडून, आयांच्या विनवण्या करून, वर्ग चालू ठेवायला लागतात तेवढी मुलं कशीबशी गोळा केली होती. अगदी तेवढीच. त्यातलं एक जरी गेलं तरी पहिली बंद, पोरं पलीकडच्या शाळेत, आणि बाई निवृत्तीपर्यंत कार्यालयात फायली लावायला. फायली पडत नाहीत, रडत नाहीत, त्यांची नाकं पुसावी लागत नाहीत. मग माणसाने दिवसभर करायचं काय?

आणि नेमकं अशा वेळी एका मुलीची आई हेडसरांच्या खोलीत शिरली. मुलीला सगळे चिमणी म्हणत. आई औषधांच्या दुकानात काम करायची, आणि दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून तिला स्वतःला तक्रार करायची संधी क्वचितच मिळायची. ती तिने त्या दिवशी पुरेपूर वसूल केली.

"सर, तुमच्या पहिलीत तो ढब्बू आहे ना, त्याने माझ्या मुलीचं जगणं हराम केलंय. रोज तिचा डबा खातो. बुटात माती घालतो. परवा तर तिची वेणी सोडून ठेवली. मी रोज विचारते, काय झालं गं? ती म्हणते, ढब्बूने केलं. ते काही नाही. एक तर तो वर्गात राहील, नाहीतर माझी मुलगी. उद्यापर्यंत बघा, नाहीतर दाखला द्या, मी तिला पलीकडच्या शाळेत घालते."

"मी जातीने लक्ष घालतो," हेडसर म्हणाले, आणि पँट जरा वर ओढून पहिलीच्या वर्गाकडे निघाले.

वर्गात बाई बेरीज शिकवत होत्या. हेडसर दारातच थांबले, नाकं कुठे कुठे आहेत याचा अंदाज घेतला आणि गरजले, "ढब्बू कोण आहे? उभा राहा!"

बाईंच्या हातातला खडू तिथेच थबकला. पण वर्गाला रोजची सवय. सगळे एका सुरात ओरडले, "शूला गेलाय!"

"कधी?"

"मघाशीच!" एकजण म्हणाला. "सकाळपासून!" दुसरा म्हणाला. "तो नेहमीच जातो सर," चिमणीने गंभीरपणे माहिती पुरवली. "त्याचं पोट मोठं आहे ना."

हेडसर तडक मुतारीपाशी गेले आणि बाहेर हाताची घडी घालून उभे राहिले. एक दार आतून बंद होतं, म्हणजे तसं ते कडी अडकून कित्येक दिवस बंदच होतं. बराच वेळ झाला तरी कुणी बाहेर येईना. शेवटी त्यांनी शिपाईकाकांना बोलावलं. शिपाईकाकांना ढब्बू चांगला माहीत होता. त्यांची स्वतःची दोन्ही मुलं ढब्बूबरोबर शिकली होती. आता वर्गाची गोष्ट बाहेर फोडायची तर बाईंनी फोडावी, आपण कोण? त्यांनी दारावर टकटक केली आणि मायेने म्हणाले, "ढब्बू, आटप रे बाळा. सर थांबलेत."

आतून काहीच उत्तर आलं नाही. "पोट बिघडलंय वाटतं," शिपाईकाका म्हणाले.

हेडसर खोलीत परतले तेव्हा त्यांच्या रागात थोडी काळजीही मिसळली होती. बाई मागोमाग आल्या. "सर, तो ढब्बू..." त्यांनी सुरुवात केली.

"मला सगळं कळलंय, बाई. घरचं लक्ष नाही. अशा मुलांचं मूळ घरात असतं. उद्या सकाळी त्याच्या आईवडिलांना बोलवा. त्या मुलीची आईही येईल. समोरासमोर होऊन जाऊ दे."

"पण सर, तो..."

"पाठीशी घालू नका, बाई!"

सांगायचं तर काय सांगायचं? की पट काठावर आलेला असताना माझ्या वर्गात एक मुलगा आहे जो नाही? पट खोटा फुगवलाय या संशयाने सरांनी आधी हजेरीच मागितली असती. आणि त्याहून वाईट म्हणजे चिमणी. ढब्बू नाही म्हटलं की डबा, माती, वेणी सगळं तिच्या अंगावर येणार. इवलीशी पोर आईसमोर खोटारडी ठरणार. न सांगावं तर ती पोर जाणार, आणि तिच्याबरोबर वर्गही. बाईंना आपल्या जुन्या हुशारीचा भयंकर राग आला.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी येतो की."

"कुठे?"

"शाळेत. ढब्बूचा बाप म्हणून. मान खाली घालून उभा राहीन, दोन शब्द ऐकून घेईन, मुलाला गावाला पाठवतो म्हणेन. मला सवय आहे. बोलणी खायची."

बाईंनी क्षणभर, अगदी क्षणभर, त्याच्या कपड्यांकडे बघून कुठला सदरा बापाला शोभेल याचा विचार केला. मग कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "तोंडावर बोट." नवऱ्याने बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडसरांच्या खोलीत चिमणीची आई आली. चिमणीला तिने बाहेर बाकावर बसवलं होतं. हेडसरांनी ढब्बूच्या आईबापांसाठी दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि त्या रिकाम्या बघून त्यांचा पारा चढत होता.

"आले नाहीत ना? वाटलंच मला. बेजबाबदार माणसं!"

"ते येणार नाहीत, सर," बाई म्हणाल्या. रात्रभर घोकलेलं भाषण त्या पार विसरल्या होत्या. "ते नाहीतच. ढब्बूच नाही. मी तयार केलाय तो. एका मुलाची लाज झाकायला. आणि मग तो राहिला तो राहिलाच. पटावर नाहीये तो, हवं तर मोजून घ्या. चूक असेल तर माझी आहे, मुलीला काही बोलू नका."

हेडसर आ वासून खुर्च्यांकडे बघत राहिले. "मग काल मी कुणासाठी थांबलो होतो?" त्यांनी हळूच विचारलं.

चिमणीची आई मात्र सावरली होती. "म्हणजे तो नाहीच? मग माझ्या मुलीचा डबा रोज संपवतं कोण?"

तेवढ्यात दार ढकललं गेलं. बाहेर बाकावर बसवलेली मुलं दाराला कान लावतात, हे बाईंना माहीत असायला हवं होतं. चिमणी आत आली. बाईंना वाटलं, पोरीने ऐकलं सगळं. आता रडेल, आणि वर्गात जाऊन सांगेल, आणि सगळा वर्ग रडेल.

चिमणी रडली नाही. तिने बाईंकडे जरा दयेनेच बघितलं. "बाई, तो नाहीये हे आम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "आम्ही केव्हाच बाकाखाली बघितलंय."

मग ती आईकडे वळली. तिने पायाच्या अंगठ्याने फरशी उकरली, एकदा दाराकडे बघितलं, पळून जावं की काय असा तिचा विचार दिसला. बाई काहीतरी बोलायला पुढे झाल्या, पण थांबल्या. हा क्षण त्यांनी इतक्या वर्षांत इतक्यांदा बघितला होता, की मध्ये बोलायचं नाही एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"डबा मीच टाकून देते," चिमणी म्हणाली. "झाडामागे. मला भोपळा आवडत नाही. तू रोज भोपळा देतेस."

औषधांच्या दुकानात रोज शेकडो माणसांची दुखणी ऐकणारी ती आई, पण तिच्या मुलीने तिला आपणहून काही सांगितल्याची ही पहिलीच वेळ होती. आजवर घरात फुलदाणी फुटली की वाऱ्याने, दूध सांडलं की मांजराने, आणि घरात मांजर नव्हतं. तिचे डोळे भरून आले, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून तिने आवाज चढवला.

"आणि बुटात माती?"

"मीच. किल्ला करायचा होता."

"वेणी?"

"मीच. घट्ट होती."

"आणि माझ्या चष्म्याची काडी कुणी मोडली?"

चिमणी विचारात पडली. एका दिवसात माणसाने कबूल तरी किती करायचं? तिने बाईंकडे बघितलं, हेडसरांकडे बघितलं, दोन रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं.

"ती ढब्बूने," ती ठामपणे म्हणाली.

"आपल्या घरी येऊन?"

"हो. रविवारी."

बाईंनी श्वास रोखला. हेडसरांनीही रोखला. चिमणीच्या आईने पर्स खांद्याला अडकवली आणि हेडसरांना म्हणाली, "दाखला नको. राहू दे तिला इथेच." आणि चिमणीची सुटलेली रिबीन बांधता बांधता म्हणाली, "ढब्बूला सांग, पुन्हा आलास तर जेवून जा. भोपळाच आहे म्हणावं."