हनुवटीवरचे तीन ठिपके

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्यांच्या मार्गदर्शनाखाली प्रकल्प केला त्या सरांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुमचं आमच्या घरी येणं-जाणं नाही. एवढंच कारण.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी जुन्या छायाचित्रांतले डाग काढणारा प्रोग्रॅम लिहिला. तत्त्व सोपं होतं. स्कॅन केलेल्या चित्रातला प्रत्येक बिंदू त्याच्या शेजाऱ्यांशी ताडून पाहायचा. तो एकटाच गडद निघाला, तर ती धूळ किंवा बुरशी समजायची आणि शेजाऱ्यांच्या रंगाने ती जागा भरून टाकायची. वेगळा दिसतो तो दोष — इतका साधा नियम. चाचणीसाठी मला एक पुरेसा खराब फोटो हवा होता. तो असोद्याला आबांकडे होता.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे मामा. त्यांच्या आईचा तो एकुलता एक फोटो ओल लागून बुरशीने भरलेला होता. जळगावात, पिंप्राळ्याच्या आमच्या घरी, मी तो स्कॅन केला. निकाल उत्तम आला. गाल, कपाळ, हनुवटी — सारं स्वच्छ. नवा फोटो चौकटीत बसवून मी आबांना नेऊन दिला. जीर्ण फोटो घरात ठेवू नये, म्हणून आबांच्या मुलाने — त्यांना मी काका म्हणते — जुना त्याच आठवड्यात तापीत सोडला.

आबांनी नव्या फोटोतल्या हनुवटीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "गोंदन कुठी गेलं? माह्या मायच्या हनुवटीवर तीन ठिपके व्हते."

मूळ फोटोतच नव्हते, असं मी सांगितलं.

तुम्हाला वाटेल, मला ठाऊक नसेल. मीही स्वतःशी तसंच मांडत आले — अनवधान, पद्धतीची मर्यादा वगैरे. ते खोटं आहे. प्रोग्रॅमने काय काय पुसलं, ते मी नेहमी वेगळ्या चित्रात काढून तपासत असे. त्या चित्रात, अस्ताव्यस्त बुरशीच्या मधोमध, तीन ठिपके नीट त्रिकोणात बसलेले होते. बुरशी त्रिकोण काढते का? फोटो आबांच्या हाती देण्याआधीच मी ते पाहिलं होतं. पण ठिपके राखायचे, तर नियम सैल करावा लागला असता आणि गालावरचे डाग परतले असते. सादरीकरण तोंडावर आलं होतं. आबांना ठिपके राखलेली वेगळी प्रत तरी देता आली नसती का? आली असती. पण कुणीतरी दोन्ही शेजारी ठेवून पाहिली असती — ही भीती होती. परीक्षकांनी नेमकी हनुवटीच वाखाणली. पुढे संशोधनासाठी जागा मिळाली, तीही त्याच चित्राच्या बळावर.

आबांनी मात्र हेका सोडला नाही. येईल त्याला ते गोंदणाचं सांगू लागले. एकदा त्यांची सून म्हणाली, "आबा, उद्या म्हनसान, मायले मिशा व्हत्या." सगळे हसले. मीही हसले.

हसण्यावर थांबलं असतं, तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. आईचा चेहरासुद्धा आठवत नाही म्हटल्यावर घरच्यांना आबांची धास्ती वाटू लागली. केळीला पाणी देण्यासाठी विहिरीवरची मोटार तेच चालू-बंद करत. ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं. विजेचा मामला, विसरले तर? मग एकट्याने एसटीने जळगावला येणं बंद झालं. शेवटी काकांनी त्यांना जळगावला डॉक्टरांकडे आणलं, आणि घरातली शिकलेली म्हणून मला सोबत नेलं. आणखी काय विसरतात, असं डॉक्टरांनी विचारलं. काकांनी गोंदणाचं सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली.

तोंडाने काहीच बोलले नाही — म्हणून ते कमी ठरतं का? डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. परतताना रिक्षात आबा माझ्या शेजारी होते. हळूच म्हणाले, "माहंच चुकलं व्हतं, बाई. तू शिकेल-सवरेल हाये. तुले दिसलं तेच खरं." मूळ स्कॅन तेव्हाही माझ्या लॅपटॉपमध्ये होता. आजही आहे. तो दाखवायचा, तर मोटारीचं, एसटीचं, गोळ्यांचं — सगळ्याचंच उत्तर द्यावं लागेल. जितके दिवस गप्प राहिले, तितकं ते उत्तर लांबत गेलं. आता माझ्या नावामागे लागलेलं सारं त्या एका चित्रावर उभं आहे, आणि ते चित्र मी हलवू शकत नाही.

गेल्या महिन्यात असोद्याला गेले होते. ओसरीवर आलेल्या एका पाहुण्याने आबांना त्यांच्या आईचं माहेर विचारलं. आबांना ते ठाऊक होतं. बालपण त्यांनी तिथेच काढलं आहे. तरी त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं. तिने गावाचं नाव सांगेपर्यंत ते थांबले, आणि मग तेच नाव तिच्यामागून म्हणाले. मी समोरच बसले होते.