वेटराऊचा चिखल आणि माझी नवी मडगार्डं

“दमलीस तर सरळ एस-बानने (उपनगरी गाडीने) ये,” आमचे हे दारातून म्हणाले. मायेनेच म्हणाले, पण माझं डोकं तिथेच फिरलं. मागच्या महिन्यात मी खरोखरच अर्ध्या वाटेतून, सायकलसकट गाडीत बसून परत आले होते. भाषेचा कोर्स अर्धा, पोहण्याचा क्लास अर्धा आणि आता सायकलही अर्धी. फ्रँकफर्टला आल्यापासून मी हाती घेतलेली एकही गोष्ट तडीस गेली नव्हती. आज घरी यायचं ते सायकलवरूनच, असं मनाशी पक्कं केलं आणि डिसेंबरच्या थंडीत बाहेर पडले.

खाली शेजारीण रेनाटे उभीच होती. साठी उलटलेली, पण पायऱ्या दोन-दोन चढणारी बाई. तिच्याच ओळखीने मी या सायकलवाल्या मंडळींत शिरले होते. हिवाळ्यात दर रविवारी हे लोक शहराच्या उत्तरेला, वेटराऊ नावाच्या शेतीच्या मुलखात कच्च्या वाटांवर सायकली हाणतात. त्यांचा म्होरक्या युर्गन, निवृत्त मास्तर. मी सायकलला मुद्दाम नवी मडगार्डं बसवली होती, चाकाला अगदी लागून, कपड्यांवर शिंतोडाही उडू नये म्हणून. युर्गनने ती पाहिली, भुवया उंचावल्या आणि “आल्झो (तर मग), निघू या,” एवढंच म्हणाला.

शहर संपलं तसं धुकं लागलं. दोन्हीकडे काळीभोर शेतं, कडेला साखरेच्या बीटाचे घराएवढ्या उंचीचे ढीग. मग डांबर संपलं आणि राइटवेग (घोडेस्वारांची वाट) सुरू झाली. टापांनी सगळी वाट उखणून ठेवलेली, प्रत्येक खळग्यात पाणी. समोरून दोन घोडेस्वार मुली आल्या. आम्ही सगळे मुकाट्याने उतरून कडेला उभे राहिलो. घोड्यांचा मान पहिला.

एका चर्चच्या भिंतीआड चहाला थांबलो. मी तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. युर्गनने एक खाल्ली, लालबुंद झाला, पाणी प्यायला आणि दुसरी घेतली.

पुढे मात्र माझी फजिती सुरू झाली. तिथली माती म्हणजे कणीक. ती टायरला चिकटायची, मडगार्डमध्ये शिरायची आणि तिथेच बसायची. शेवटी चाक फिरेचना. मी काटकीने माती उकरली, दहा पावलं गेले, चाक पुन्हा घट्ट. पुढच्या वळणावर सगळे थांबलेले दिसत होते. थंडीने पाय आपटत होते, पण एकही जण माझ्याकडे यायला तयार नव्हता. मला रडू फुटायचं बाकी होतं. आपल्याकडे असं झालं असतं तर रस्त्याने जाणारा अनोळखी माणूसही “व्हा बाजूला, ताई” म्हणत आला असता. माणसं आहेत की दगड!

डावीकडे, शेतापलीकडे स्टेशन दिसत होतं. गाडी येऊन थांबलेलीही दिसली. माझी नजर तिच्यावर आणि हात चिखलात. गाडी सुटली. मी ती जाऊ दिली आणि जीव खाऊन ओरडले, “मला मदत करा! मला हे जमत नाहीये!”

सगळेच्या सगळे चिखल तुडवत पळत आले. रेनाटेने सायकल उलटी केली, एकाने पाने काढले, युर्गनने हातमोजे काढून उघड्या बोटांनी माती खरवडली. दोन्ही मडगार्डं सुटली.

“मघाशीच का नाही आलात?” मी जरा तावातच विचारलं.

रेनाटेला माझा प्रश्नच कळेना. “तू बोलावलं नाहीस. तुला स्वतःला करायचं असलं तर? न विचारता कसा हात लावायचा?”

राग उतरला आणि मी पुन्हा सायकलवर बसले. आता चिखल थेट पाठीवर, केसांत, तोंडात. मांड्या भरून आल्या होत्या. शेवटचा चढ सगळ्यांच्या मागून, पण खाली पाय न टेकता चढले. शहराचे दिवे दिसले तेव्हा मी मोठ्याने मराठीत काहीतरी बोलले. रेनाटे म्हणाली, “गेनाऊ (अगदी बरोबर)!”

घराशी आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. सायकल तळघरात न्यायची म्हणजे अरुंद जिना उतरायचा. एरवी मी ती एकटीच रेटत नेते आणि मग वर जाऊन भांडी आपटते, कुणाला आपलं काही पडलेलं नाही म्हणून. आज मी खालच्या दाराशी घरची घंटा दाबली आणि इंटरकॉमवर म्हटलं,

“अहो, खाली येता का? पूर्ण करून आले. दमलेय, एकटीला सायकल उतरवता येत नाहीये.”

ते वरून म्हणाले, “येऊ? नक्की? तुला आवडत नाही ना कुणी मध्ये आलेलं.”

“या हो,” मी म्हटलं. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला. धावत येत होते.