घरी येऊन घेतलेलं मत

पंच्याऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्यांचं मत आता घरी येऊन कागदावर घेतात. मी आन् माझी बायको, दोघांनीही त्याचा अर्ज भरला होता. मतदानाचे साहेब यायच्या आतच ही गेली.

साहेबांसोबत एका बारक्या पक्षाचा माणूस आला होता. मोठ्या पक्षांचं कुणीच नाय. टाच झिजलेल्या चपला त्यानं उंबऱ्याबाहेर जोडीनं काढल्या. मी तोंडावरच म्हणालो, "पडणारच तुम्ही. कशाला हिंडता उन्हाचं?"

तो हसला. "पडू की, बाबा. पण मोजणीला ही कागदं आधी उघडतात. मशीन उघडेपर्यंत आम्हीबी शर्यतीत असतो."

मी पेन धरलं, तर हात थरथरायला लागला. तो मदतीला उठला आन् लगेच तोंड फिरवून भिंतीकडं बघत बसला. मी खूण केली, कागद पाकिटात घातला, साहेबांनी चिकटवलं.

मत कुणाला दिलं, हे त्यानं विचारलं नाय. हिच्या हार घातलेल्या फोटोपुढं हात जोडून म्हणाला, "आईंचं मत राहिलं."

ही गेल्यापासून जो येतो तो म्हणतो, सुटली बिचारी. तिचं काही राहिलं, असं म्हणणारा हा एकटाच.