कौसाचा नंबर

दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात उभी होती, तरी कौसा कम्प्युटरपुढून उठेना. शेवटी उठली. म्हणाली, "अहो, मशीन बंद करा. मी सांजच्याला येते." मी बटन दाबलं, काच काळी झाली. ती काही परत आली नाय... दोन महिने झाले.

मी चौथी शिकलेला. वाळूजला कंपनीत लोखंड दाबण्यात माझा जन्म गेला. बायको माझी दहावी. शहागंजातल्या आमच्या घरात, आतल्या खोलीत बसून ती लोकांचे अर्ज भरायची. तिच्या कम्प्युटरवर लिनक्स नावाची सिस्टीम होती आणि त्या मशीनला घरातल्या नेटवरचा एक कायमचा नंबर तिनं स्वतः ठरवून दिलेला, वहीत लिहिलेला. "रोज नंबर बदलला तर स्कॅन केलेला कागद मला हुडकत कुठं फिरंल?" म्हणायची. मला त्यातलं काय कळतंय? मी चहा ठेवायचो.

मागच्या आठवड्यात लेक सुनीता आईचं काम पुढं चालवायला नवा कम्प्युटर घेऊन आली. बाहेरच्या खोलीत मांडला, त्यात लिनक्सच घातलं, वहीतला आईचा नंबर दिला. नेट आलं, गेलं. परत आलं, परत गेलं. वायर बदलली, राऊटर बंद करून लावला, पण तेच. पाचोडच्या शांताबाई पेन्शनचे कागद धरून बसलेल्या. म्हणाल्या, "कौसाबाई असती तर एव्हाना मी एस्टीत असते!"

सुनीतानं चिडून नव्या मशीनची वायरच उपसली आणि लॅपटॉपवरून त्या नंबराला हाक दिली. उत्तर आलं.

"आप्पा, मशीनची वायर तर काढलीय... मग ह्या नंबरावर बोलतंय कोण?"

मी आतल्या खोलीकडं बघितलं. सुनीता आत गेली, टेबलावरची चादर ओढली. खाली कम्प्युटरच्या डब्याचा हिरवा दिवा जळत होता. ती घरघर मी दोन महिने फ्रिजची समजत होतो.

"तुम्ही नुसती काच बंद केली व्हय?"

व्हय. कौसा ह्याच्यावरून लई बोलायची, काच विझली म्हणजे मशीन बंद होत नसतं. लाईट गेली तरी चालू राहावं म्हणून इन्व्हर्टरही तिनंच बसवून घेतलेला.

काच लावली. शांताबाईंचाच अर्ज, अर्धा टाईप केलेला. शेवटच्या अक्षरापुढं रेघ लुकलुकत होती. सुनीतानं तिथंच बसून तो पुरा केला. एकाच नंबरावर दोन मशीनं भांडत होती म्हणाली, नव्या मशीनला दुसरा नंबर दिला, तसं नेट सुरळीत चाललं.

"आता हे बंद करते, आप्पा."

"राहू दे. मला सांगून गेलीय ती."

बटन कुठलं ते आता कळलंय मला. रोज चहा घेऊन तिथं बसतो, बोट ठेवतो... आणि म्हणतो, सांज तर होऊ दे.