डाव्या कोपऱ्याचा सौदा

माझ्या दुकानाच्या भिंतीवर ढाली टांगलेल्या आहेत. सगळ्या तिसऱ्या नंबरच्या. जुना ट्रॅक्टर बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी वर बघतं आणि विचारतं, "कबड्डीची टीम तुमचीच का?" मी हो म्हणतो. "चांगली हाय," असं म्हणून ते टायर बघायला खाली वाकतं. टायरला जेवढा वेळ देतं तेवढा ढालींना कुणी देत नाही.

मी वालूरचा. बैलबाजारात दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरण्यापासून सुरुवात केली. मग दलाली, मग जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री. कुणी शिकवलं नाही, कुणी हात दिला नाही. टीम काढली हौसेनं, पण चालवली दुकानासारखी. खेळाडूंना सामन्यागणिक मानधन, यायला-जायला गाडी, जेवण, दुखलं-खुपलं तर दवाखाना. जत्रा असो, जयंती असो, पुढाऱ्याचा वाढदिवस असो, बक्षिसाचे सामने लागले की आम्ही हजर. आणि सगळीकडे एकच गत. उपांत्य फेरीत जायचं, तिथं हरायचं, ढाल मागच्या सीटवर टाकून परत यायचं. रस्ताभर मीच बोलायचो आणि जे बोलायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

टीम मोडून नवी बांधायची की आहे तीच पुढे चालवायची, हा वाद गेल्या दिवाळीपासून दुकानात रोज व्हायचा. वाद घालणारे दोघंच. मी आणि आमचे सर. सर म्हणजे निवृत्त क्रीडाशिक्षक, टीमला शिकवायचे.

"तिसरा नंबर वाईट न्हाई," सर म्हणायचे. "लोक मानानं बोलावतात आपल्याला."

"भरतीला बोलावतात सर. फायनलला दुसरं कुणी खेळतंय आणि आपण पेंडॉलच्या मागं जेवतोय."

"मोडा मग. पण दोन वर्षं पहिल्याच फेरीत घरी यायची तयारी ठेवा. तुमचा सोभाव बघता तुमी दोन महिन्यातच पोरांना शिव्या देऊन पळवून लावताल."

यावर मी चहा सांगायचो.

माझा हिशेब मात्र पक्का होता. टीममधली निम्मी माणसं तिशी ओलांडलेली. अजून नाव होतं, अजून त्यांना मागणी होती. अजून दोन वर्षांनी कुणी विचारलं नसतं. जनावर चालतंय तोवर गिऱ्हाईक येतं, बसल्यावर कुणी येत नाही, हे मी बाजारात उभा जन्म बघितलंय. जुनी माणसं आत्ता दुसऱ्या टीमांना द्यायची, बदल्यात पोरं घ्यायची, मार खायचा आणि मग वर यायचं. याला कुणीही शहाणपणच म्हटलं असतं. मीही म्हणत होतो.

पण हिशेबाच्या खाली दुसरंच काही होतं. ते मी सरांना कधी सांगितलं नाही.

आमचा कप्तान पेडगावचा. शाळेत क्लार्क. डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि चढाईला आलेल्याचा घोटा असा धरायचा की समोरच्याला आपण पडलो हे पडल्यावर कळायचं. टीम काढली तेव्हापासून माझ्याबरोबर. मला भाऊ म्हणायचा. मी शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायचा आणि संपल्यावर विचारायचा, "झालं का भाऊ? आता सरावाला जाऊ?" बाकीची पोरं हसायची आणि मलाही हसावं लागायचं.

मागच्या वर्षी एका गावात उपांत्य फेरीला शेवटच्या चढाईपर्यंत गुण बरोबरीत होते; तसेच राहिले असते तर पहिला गुण आमचा म्हणून आम्हीच पुढे जाणार होतो. त्यांचा गडी आत आला, हात फिरवला आणि परत गेला. पंचांनी काही दिलं नाही. आमची माणसं उड्या मारायला लागली. आणि कप्तानानं स्वतःहून हात वर केला. बोट लागलं होतं म्हणे, त्याच्या दंडाला. पंचाला दिसलं नाही, त्यांच्या चढाईवाल्यालाही नीट कळलं नव्हतं, पण ह्यानं हात वर केला आणि मान खाली घालून बाहेर जाऊन बसला. एका गुणानं गेलो. लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ढाल मी घेतली, तिसऱ्या नंबरची.

गाडीत मी त्याला विचारलं, "मला विचारलं होतंस का?"

"काय विचारायचं होतं भाऊ? लागलं होतं."

"गाडी माझी, डिझेल माझं, जेवण माझं. हात तेवढा तुझा?"

त्याचं ते हात वर करणं त्या दिवसापासून माझ्या घशाखाली उतरलं नाही. लोक भेटले की त्याचं कौतुक करायचे आणि मी मान डोलवायचो. आत मात्र दर वेळी नव्यानं डोकं फिरायचं. फायनल माझी होती, ती त्यानं टाळ्यांच्या बदल्यात देऊन टाकली, असंच मला वाटायचं. टीम मोडायचं शहाणपण मला नेमकं त्या महिन्यातच सुचलं.

दुकानातला वाद त्याच्या कानावर गेलाच. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर आला, खुर्चीत न बसता उभाच राहिला.

"भाऊ, मोडायची तर मोडा. माझं काही म्हणणं न्हाई. फक्त एप्रिलपर्यंत थांबा. जयंतीला आमच्या गावात मोठे सामने घ्यायलेत. आईनं मला आजपर्यंत खेळताना बघितलं न्हाई. गावातच हाय म्हणल्यावर येती म्हणली."

मी म्हणालो, "बघू."

धंद्यात 'बघू' म्हणजे नाही. पण समोरच्याला ते अर्धं हो वाटतं. म्हणून तर तो शब्द मी वापरतो. तो खूश होऊन गेला.

पुढच्याच महिन्यात पोखर्णीच्या रस्त्यावरच्या एका गावात सामने होते. तिथं पाथरीकडचा एक वीटभट्टीवाला भेटला. त्याचीही टीम होती. आम्ही दोघं जुने बाजारातले, एकमेकांना शेट म्हणतो आणि दोघांनाही माहीत असतं की शेट कुणीच नाही. त्याच्याकडे चढाईची दोन पोरं होती, विशीतली, चपळ. पण त्याला ह्याच वर्षी जिंकायचं होतं आणि त्याचा डावा कोपरा फुटका होता. मला पोरं हवी होती. दोघांचं जमण्यासारखं होतं.

बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. हातांवर उपरणं टाकतात आणि खालून बोटं धरून ठरवतात, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं. दोन पोरांच्या बदल्यात कप्तान, आणि वर त्यानं मला काय द्यायचं एवढंच उरलं होतं. मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टँकरजवळ आम्ही उभे राहिलो. हसू आलं होतं दोघांनाही. माणसाचा सौदा असा कधी केला नव्हता.

हातावर हात पडण्याआधी घेणाऱ्यानं खोड विचारायची असते. बैल मारका असेल, बसका असेल तर देणाऱ्यानं सांगायचं. लपवलं आणि नंतर निघालं तर जनावर दारात परत येतं. सांगून दिलं तर विषय मिटला, परत घ्यायचा प्रश्न नाही. इतका साधा नियम आहे.

"खोड काय हाय शेट?" त्यानं विचारलं.

"एकच," मी म्हणालो. "खरं बोलतोय."

दोघंही मोठ्यानं हसलो. बोटं जुळली, उपरणं निघालं. मी वळलो तर टँकरच्या नळाखाली कप्तान तोंड धुवत होता. तो कधी आला होता माहीत नाही. त्यानं नळ बंद केला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "कधीपासून जायचं मग, भाऊ?"

मी म्हणालो, "आजपासून." त्याहून सोपं उत्तर मला सुचलं नाही.

बाकीची जुनी माणसंही मी अशीच दिली आणि नंतरचे दोन महिने सर म्हणाले होते तसेच गेले. दोन ठिकाणी पहिल्याच फेरीत घरी आलो. मी शिव्या दिल्या, एक पोरगं रुसून बसलं, सरांनी त्याला समजावून आणलं. पण पोरं तयार होत होती, ते मला दिसत होतं. एकेकाचा पाय असा पडायचा की बघत राहावं. मी घरी सांगितलं, पुढच्या वर्षी फायनल नक्की. बायको म्हणाली, "आणि पेडगावचं लेकरू कसं हाय?" मी म्हणालो, खेळतोय की तिकडं.

एप्रिलमध्ये पेडगावला गेलो. निळे झेंडे, कमानी, रस्त्यावर पाणी मारलेलं, मैदानात मातीवर चुन्याच्या ताज्या रेषा. एकेक फेरी सरत गेली आणि उपांत्य फेरीत समोर नेमका वीटभट्टीवाला आला. माझी टीम बघून लोक म्हणत होते, नवी दिसायलेत सगळी. कप्तान त्यांच्या बाकावर बसला होता. राखीव. अंगात त्यांची पिवळी जर्सी. सगळ्या फेऱ्या त्यानं तिथंच बसून काढल्या होत्या.

मी वीटभट्टीवाल्याला बाजूला घेतलं. "शेट, त्याचं गाव हाय हे."

"माहीत हाय. मागच्या महिन्यात फायनलला हात वर केला त्यानं. जिंकलेली मॅच गेली. तुमी खोड सांगितली होती, मी हसण्यावारी नेली. चूक माझी, तुमच्याकडं काही मागत न्हाई मी. पण खेळवणार न्हाई."

"एका मॅचपुरतं खेळवा. त्याची आई आलीय."

त्यानं मला खालीवर बघितलं. बाजारात बघतात तसं. "लय जीव तुटायलाय तर परत न्या. आत्ता, ह्याच मॅचला. माझी ती दोन पोरं द्या फक्त."

माझी दोन्ही पोरं मैदानात अंग मोकळं करत होती. एकानं गंमत म्हणून दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी मारली. मी त्यांच्याकडे बघितलं आणि वीटभट्टीवाल्याला म्हणालो, "बघू."

"मला नका शिकवू शेट बघू," तो म्हणाला आणि निघून गेला.

मी तिथंच, त्यांच्या मागच्या रेषेजवळ उभा राहिलो. शेजारीच त्यांचा बाक. कप्तान उठून माझ्याजवळ आला. "भाऊ, मॅच झाल्यावर घरी जेवायला या. आईनं सांगितलंय." इतकी वर्षं तो माझ्या घरी जेवला होता. त्याच्या घरी मी कधी जेवलो नव्हतो. दर वेळी मला घाई असायची. ती कसली घाई होती ते त्यानं कधी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी येतो म्हणालो.

मॅच शेवटच्या चढाईपर्यंत बरोबरीत होती. माझं पोरगं आत गेलं, खोलवर, एकाला हात लावला आणि वळताना त्याची टाच मागच्या रेषेपलीकडे टेकली. माझ्या पायांपासून हातभर अंतरावर. मग उडी मारून ते परत गेलं. त्यांचे खेळाडू ओरडायला लागले, बाद, बाद. पंचांना आडव्या आलेल्या माणसांमुळे दिसलं नव्हतं. त्यांनी पोरालाच विचारलं. पोरानं मान हलवली, नाही म्हणून.

कप्तान माझ्या शेजारी उभा होता. हळूच म्हणाला, "भाऊ, तुमी बघितलं ना."

त्याचं कुणी ऐकलं नसतं, तो राखीव आणि बाद म्हणणाऱ्यांच्याच बाजूचा. माझं ऐकलं असतं. मी गुणफलकाकडे बघत राहिलो. तिथं आकडा बदलेपर्यंत नजर काढली नाही.

आम्ही फायनलला गेलो. पहिल्यांदाच. तिथं सपाटून हरलो, पण ढाल दुसऱ्या नंबरची मिळाली. सरांनी ती हातात घेऊन सगळीकडून बघितली आणि माझ्याकडे दिली.

कप्तानाच्या घरी गेलो. ढाल गाडीतच ठेवली, अजून तिथंच आहे. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, ताजे हार. आईनं ताट वाढलं. पुरी, भाजी, खीर. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला होता, उन्हाळा सरल्यावर काढायचा होता. वाढताना ती ताटाच्या कडेला बोट लावून अंदाज घेत होती.

"आमी बायका मागं बसलो होतो," ती म्हणाली. "धुरळा नुसता. मला तर सगळी पोरं सारखीच दिसायलीत. तू खेळलास का रे?"

कप्तान पुरी मोडत होता. "खेळलो की आई. दोन पकडी केल्या."

"भोंग्यावर तुझं नाव आलं न्हाई."

"नंबरानं पुकारायले होते."

तिला पटलं नसावं. ती माझ्याकडे वळली. चांगला डोळा माझ्यावर लावून म्हणाली, "खरं का हो भाऊ? कशा केल्या पकडी?"

कप्तान ताटातच बघत होता. एवढ्या वर्षांत मी त्याला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. मला माझ्या तोंडातला घास गिळावा लागला, मग मी सांगायला लागलो. पहिली पकड कशी डाव्या कोपऱ्यात झाली, चढाईवाला आत आला, ह्यानं वाट बघितली, खाली बसून घोटा धरला आणि त्याला कळायच्या आत पाडलं. दुसरीही सांगितली. त्या खऱ्याच पकडी होत्या. फक्त जुन्या होत्या, माझ्या टीममधल्या. मी त्या नीट, सगळ्या बारकाव्यांसकट सांगितल्या. माल विकताना सांगतो तशा.

आई हसली. "लोकांनी टाळ्या वाजवल्या का?"

"लय वाजवल्या," मी म्हणालो.

तिनं समाधानानं मान हलवली, ताटाच्या कडेला बोट लावलं आणि माझ्या वाटीत अजून खीर वाढली.