कपाटातलं ओरिहारा

इवाओ मिनेगिशींनी उभं आयुष्य इंजिन चालवलं, पण एकही गाडी मुक्कामाला पोहोचवली नाही. घाटाच्या पायथ्याला, शिमोसावा स्टेशनात गाडी आली की तिच्या मागे आपलं इंजिन जोडायचं, ढकलत तिला घाटमाथ्यावर न्यायचं, तिथे जोड सोडायचा आणि एकट्याने खाली यायचं. गाड्या पुढे समुद्राकडे उतरत. ती उतरण इवाओंनी कधी पाहिलीच नाही.

त्या उतरणीवर ओरिहारा होतं, त्यांच्या बायकोचं, किनुएचं माहेर. ओबोनच्या सणाला पितर घरी येतात, तेव्हा लेकीही येतात. पण त्याच दिवसांत जादा गाड्या सुटत आणि ढकलणाऱ्यांना रजा नसे. त्यामुळे किनुए दर वर्षी एकटीच जाई, नवऱ्याने ढकललेल्या गाडीत बसून. ‘पुढच्या वर्षी नक्की येतो,’ इवाओ म्हणत. अशी कितीतरी पुढची वर्षं आली नि गेली. मग डोंगराच्या पोटातून बोगदा निघाला, घाटातले रूळ उखडले, सासूबाई गेल्या, मेव्हण्याने घर विकलं. नवी गाडी ओरिहाराला थांबतही नाही.

निवृत्त झाल्यावर इवाओंनी माडीवरच्या खोलीत खेळण्यातल्या रुळांचा घाट बांधायला घेतला. खाली शिमोसावा, मग वळणावळणाने चढत जाणारे लाकडी खांब, प्रत्येक खांब आधीच्यापेक्षा जरासा उंच. वळणावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरू लागली, तेव्हा चढ कमी करायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी मागे दुसरं इंजिन जोडलं. गाडी चढली. सगळ्यात उंच खांबांवर घाटमाथ्याचं स्टेशन झालं आणि तिथेच, गाद्यांच्या कपाटाच्या दारापाशी, रूळ संपले.

एका रविवारी किनुए उन्हात तापवलेल्या गाद्या घेऊन वर आली. इवाओ गाडी वर चढवत होते. माथ्यावर त्यांनी मागचं इंजिन सोडवलं आणि मागे घेतलं.

“आणि गाडी?” तिने विचारलं.

“पुढे जाते.”

“कुठे जाते? पुढे तर माझं कपाट आहे.”

पुढचं मला ठाऊक नाही, जे पाहिलं नाही ते बांधणार कसं, असं ते पुटपुटले. किनुएने गाद्या खाली ठेवल्या. तुमचं इंजिन सुटायचं तेव्हा डब्याला बारीकसा हिसका बसायचा, ती म्हणाली. मग मी खिडकीतून मागे बघायचे, पण वळण आलेलं असायचं. हे तिने आजवर कधी सांगितलं नव्हतं.

तिने कपाटाचं दार सरकवलं. मधली फळी नेमकी घाटमाथ्याच्या रुळांच्या उंचीला होती. तिने आतल्या गाद्या, उशा, हिवाळी पांघरुणं भराभर बाहेर काढली.

“आणा तुमचे रूळ.”

“गाद्या कुठे ठेवशील?”

“तुमच्या डोक्यावर.”

ते आठवडाभर कपाटात अर्धे शिरून काम करत होते. फलाट कोणत्या हाताला, पाण्याचा नळ कुठे, हे तिने सांगायचं आणि त्यांनी चिकटवायचं. आईचं घर कोणतं, हे मात्र तिने सांगितलं नाही. स्वतःच हात घालून काडेपेटीएवढं घर फलाटामागे ठेवलं आणि दोनदा सरळ केलं.

गाडी माथ्यावर आली. इवाओंचा हात सवयीने मागच्या इंजिनाकडे गेला.

“राहू द्या की आज,” किनुए म्हणाली.

“नियमात बसत नाही. पलीकडचा फलाट तोकडा आहे, दोन इंजिनं मावायची नाहीत.”

“फलाट माझ्या माहेरचा आहे. मावतील.”

त्यांनी हात मागे घेतला. गाडी कपाटाच्या अंधारात शिरली, आणि तिच्यामागे त्यांचं इंजिनही. दोघं गुडघ्यांवर बसून, डोक्याला डोकं लावून आत बघत राहिले. मागचा तांबडा दिवा काडेपेटीएवढ्या घरासमोर थांबला.

इवाओंनी हलक्या आवाजात विचारलं, “सासूबाई घरी असायच्या ना या वेळी?”