कडू वृंदावनाची मुळं

दाभोळच्या हुसेनमियाँचा अर्धा जन्म नारळी-पोफळीत गेला होता. सौदीतल्या तबूकजवळच्या संशोधन मळ्यावर मुकादम म्हणून त्यांच्या वाट्याला आलं ते कडू वृंदावन. वाळवंटात कुणी न लावता पसरणारा वेल. अरब त्याला हंजल म्हणतात. फळ विषासारखं कडू, पण बियांत तेल. त्या तेलावर इंजिन चालवायचं, हा मळ्याच्या प्रमुख डॉक्टर अरवा यांचा ध्यास.

पाचव्या हिवाळ्यात पारा शून्याखाली सहावर गेला. सकाळी पाहतात तर चारशेच्या चारशे वेल काळे पडून भुईला चिकटलेले.

"खलास," अरवा म्हणाल्या. "उपटून टाका."

"डॉक्टर, वेल गेला म्हणजे मूळ गेलं असं नाही. दोन महिने थांबा."

त्याच आठवड्यात हुकूम आला: मुकादमाची जागा यापुढे सौदी माणसाला. हुसेनमियाँचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, सप्टेंबरपर्यंतच. त्यांच्या जागी आलेला हम्माद वेलांकडे बघून हसला. "अबू तल्हा, मेलेल्यांची राखण शिकवणार का मला?" हुसेनमियाँचा थोरला मुलगा तल्हा, म्हणून अरबी रीतीनं ‘तल्हाचा बाप’ हे नाव.

हुसेनमियाँनी फावडं घेतलं. कंबरभर खणलं तरी मूळ खाली जातच होतं, मनगटाएवढं जाड. नखानं खरवडलं तर आत ओल! महिनोन्‌महिने पाऊस नाही, वर बर्फासारखी वाळू, आणि खाली हा जीव. हम्मादनं बोट लावून पाहिलं. "सुभानल्लाह," तो पुटपुटला आणि खड्ड्यापाशीच बसला.

मार्चमध्ये एकोणीस वेल फुटले, बाकीचे गेले. त्या एकोणिसांवर दोघांनी डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. ऑगस्टात फळं पिवळी झाली. निम्मं बी पेरणीला राखलं. उरलेल्याचं तेल प्रयोगशाळेत शुद्ध होऊन आलं, ते जेमतेम बाटलीभर.

पंपाचं इंजिन दोनदा खोकलं, धुरकटलं आणि धडधडायला लागलं. पाइपातून पाणी उसळलं. हुसेनमियाँनी त्यात हात धरला.

"बंद करू, अबू तल्हा?"

"नको. संपेपर्यंत चालू दे."

अकरा मिनिटं चाललं.

सप्टेंबरात ते दाभोळला परतले. दीड वर्षानं हम्मादचा फोन आला. "यंदा उणे आठ! राखलेल्या बियांचे दोनशे वेल होते. एकशे चाळीस फुटले!"

हुसेनमियाँ म्हणाले, "एकदा खणून बघ बाबा, मुळं कुठवर गेलीत."